तबकडीवरचे दहा राग

दापोली तालुक्यांत लाडघरच्या दक्षिणेस बुरोंडी हें समुद्रकांठचें गांव आहे. टेकडीवरचा परशुरामाचा भव्य पुतळा पाहण्यासाठीं आतां तेथें पुष्कळ प्रवासी येतात. परंतु कोंकणांतील इतर खेड्यांप्रमाणें या गांवाचाही मुंबईशीं असलेला संबंध पुतळ्याहून फार जुना आहे. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचा चाकरमानी घरीं येतो आणि येतांना मुंबईंत जें नवें निघालें असेल तें बरोबर घेऊन येतो. एके काळीं त्यानें चावीचा फोनो आणला, मग विजेचा रेकॉर्ड प्लेअर आणला, मग टेपरेकॉर्डर आणला. नवी वस्तु ओटीवर आली कीं जुनी माळ्यावर गेली. कोंकणांतील माळा हें एक मोठें वस्तुसंग्रहालयच असतें. फरक इतकाच कीं तेथें पहारेकरी म्हणून उंदीर असतात, आणि चार महिने पावसाची दमट हवा आपलें काम करीत असते.

अशा माळ्यावरचा तबकड्यांचा गठ्ठा खालीं काढला, तर त्यांत बहुधा दोन जाती सांपडतील. पहिली जात जड, जाड आणि हातांतून पडली तर कांचेसारखी फुटणारी. ही लाखेची तबकडी. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून लाख मिळते, आणि जगांतील तबकड्यांना लागणाऱ्या लाखेचा मोठा भाग हिंदुस्थानांतूनच जात असे. ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तीन-साडेतीन मिनिटांत संपे. दुसरी जात हलकी, वांकणारी, व्हायनिल नांवाच्या कृत्रिम द्रव्याची. अमेरिकेंत १९४८ सालीं ती दीर्घ वादनाची तबकडी म्हणून बाजारांत आली आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीनें एका बाजूस वीस-बावीस मिनिटें वाजूं लागली. आपल्याकडे नाट्यगीतें, भावगीतें, अभंग, सिनेमाचीं गाणीं हें सर्व या दोन जातींनीं घरोघर पोहोंचविलें. पुढें कॅसेट आली, मग सीडी आली, आणि नव्वदीच्या दशकांत हिंदुस्थानांतील तबकडीचा धंदा जवळजवळ बंद पडला.

जी वस्तु मेली असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें, तीच आज शहरांतील तरुण मंडळी दुकानांतून रांग लावून विकत घेत आहेत. त्यांतही एका संगीताचा आणि तबकडीचा संबंध असा आहे कीं तो कधीं तुटलाच नाहीं. या संगीतास हाऊस म्हणतात. त्याच्या नव्या तबकड्या दर आठवड्याला युरोप-अमेरिकेंतील लहान लहान संस्थांकडून तीनशें-पांचशें प्रतींच्या हिशेबानें निघतात, आणि एकदां संपल्या कीं बहुधा पुन्हां निघत नाहींत. अशा तबकडीवर पुष्कळदां चित्र नसतें, कलावंताची तसबीर नसते. कोरें पाकीट आणि मध्यें पांढरा कागद, एवढाच तिचा पोषाख. हे लोक स्वतःला भूमिगत म्हणवितात. मराठी माणसाला हा शब्द ऐकतांच १९४२ ची चळवळ, साताऱ्याचें पत्री सरकार आणि मुंबईंत उषा मेहता यांनीं चालविलेली गुप्त काँग्रेस नभोवाणी आठवेल. येथें अर्थ तितका धाडसाचा नाहीं. मोठ्या कंपन्यांच्या आणि जाहिरातींच्या वाटेस न जातां आपलें आपण छापून आपल्या मंडळींत विकणारे, एवढाच तो अर्थ आहे.

या संगीताचा उगम शिकागो शहरांतला. तेथें १९७७ सालीं वेअरहाऊस, म्हणजे वखार, या नांवाचा एक नृत्याचा क्लब निघाला. गोऱ्या समाजाच्या करमणुकीच्या जागीं ज्यांना मान मिळत नसे, असे काळे आणि लॅटिन वंशाचे तरुण, विशेषतः त्यांतील समलिंगी तरुण, तेथें जमत. फ्रँकी नकल्स हा वादक त्यांच्यासाठीं रात्रभर तबकड्या लावी. वखारींत वाजतें तें संगीत, म्हणून लोक त्याला तोडून नुसतें हाऊस म्हणूं लागले. त्याच शहरांत १२ जुलै १९७९ रोजीं बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत डिस्को संगीताच्या तबकड्या एका पेटींत भरून मैदानाच्या मध्यभागीं स्फोटानें उडविण्यांत आल्या. प्रेक्षक मैदानावर धांवून आले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. संगीत आवडत नसेल तर ऐकूं नये, ही साधी गोष्ट; परंतु तबकडी फोडण्यांत कांहीं लोकांना ती वाजविण्यापेक्षां अधिक आनंद वाटतो, हें त्या रात्रीं दिसलें. डिस्कोची प्रतिष्ठा त्यानंतर ढांसळली, आणि मोठ्या कंपन्यांनीं टाकून दिलेल्या त्या ठेक्यावर वखारींतल्या मंडळींनीं आपलें घर बांधलें.

हाऊसची घडण समजावयास कठीण नाहीं. मिनिटाला साधारण १२० ते १३० या लयींत प्रत्येक मात्रेवर ढोलाचा सारखा ठोका पडतो. भजनांत टाळकरी ज्या निष्ठेनें टाळ धरून ठेवतो तीच निष्ठा येथें यंत्राच्या ठिकाणीं असते. त्याखालीं खर्जाची एक लहानशी ओळ पुनःपुन्हां फिरते, आणि वर अगदीं सावकाश कांहीं बदलत जातें. वाजविणारा दोन फिरत्या थाळ्या शेजारीं शेजारीं ठेवतो. एकीवरची तबकडी लोक ऐकत असतात. दुसरीवरची तो स्वतः कानाला यंत्र लावून ऐकतो, तिची गति कमीजास्त करून पहिलीशीं जुळवितो, आणि एक केव्हां संपली व दुसरी केव्हां सुरू झाली हें कोणास कळूं देत नाहीं. त्यासाठीं लागणारी भक्कम थाळी जपानांत १९७२ सालीं निघाली. तबकडीच येथें वाद्य झाली. हाताच्या बोटांनीं ती थांबवितां येते, मागें नेतां येते, हलकेच ढकलतां येते. आणि ही कला शिकलेल्या माणसाला तिच्यावांचून करमत नाहीं. या संगीतानें तबकडी कां सोडली नाहीं, याचें मुख्य कारण हें आहे.

दुसरें कारण खर्जाचें आहे. तबकडीवरील आवाज म्हणजे चरींतील नागमोडी रेषा. आवाज जितका खोल आणि मोठा, तितकी रेषेची वळणें रुंद, आणि वळणें रुंद झालीं कीं जागा अधिक लागते. म्हणून बारा इंची तबकडीवर एका बाजूस एकच रचना घेतात आणि ती ४५ फेऱ्यांच्या गतीनें फिरवितात. चरीला ऐसपैस जागा मिळते आणि ढोल छातींत वाजतो. ज्या तबकडीवर दहा गाणीं दाटीवाटीनें बसविलीं आहेत, तिच्याकडून हें काम होत नाहीं.

आतां मुंबईकडे वळावयास हवें.

हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार आणि पुढें सिंथेसायझर वाजविणारे चरणजित सिंग नांवाचे एक वादक होते. त्यांचा जन्म १९४० सालचा. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीत-दिग्दर्शकांच्या वाद्यवृंदांत त्यांनीं वर्षानुवर्षें वाजविलें. शिवाय स्वतःचें वादकपथक घेऊन ते लग्नसमारंभांत वाजवीत. सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजविणाऱ्याचें जिणें कसें असे, हें तबकडीचें पाकीट पाहिल्यावर कळतें. गायिकेचें नांव ठळक, संगीत-दिग्दर्शकाचें ठळक, कवीचें जरा लहान, आणि ज्या साठ-सत्तर माणसांनीं तारा छेडल्या, फुंकर घातली, कातडीवर थाप मारली, त्यांचें नांव कोठेंच नाहीं. दिवसाची बिदागी घेतली, वाद्य पेटींत ठेवलें, लोकलनें घर गांठलें. गाणें मात्र अमर झालें.

त्या सुमारास चित्रपटांत डिस्कोची लाट होती. १९८० सालीं 'कुर्बानी' आला होता, १९८२ सालीं 'डिस्को डान्सर' आला. सिंग यांच्यापाशीं सिंगापूरहून आणलेलीं जपानी बनावटीचीं तीन नवीं यंत्रें होतीं. पहिलें टीआर-८०८, हें तालाचें यंत्र. दुसरें ज्युपिटर-८, हा पेटीसारख्या पट्ट्यांचा सिंथेसायझर. तिसरें टीबी-३०३, एक लहानशी रुपेरी डबी, खर्जाची ओळ वाजविण्यासाठीं केलेली. या डबीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. एकट्या गिटारवाल्याला साथीस खर्जवादक मिळाला नाहीं तर त्याची उणीव भरून काढावी, असा कारखानदाराचा हेतु होता. परंतु तिचा आवाज खऱ्या खर्जवाद्यासारखा मुळींच नव्हता. तो किंचाळे, चिरके, गुरगुरे. १९८१ ते १९८४ एवढ्या काळांत सुमारें दहा हजार डब्या तयार झाल्या आणि मग कारखान्यानें हात टेकले. जुन्या बाजारांत ती कवडीमोलानें विकली जाऊं लागली.

हीं तीन यंत्रें एकमेकांना जोडून सिंग यांनीं १९८२ सालीं मुंबईंत एच.एम.व्ही.साठीं एक तबकडी केली. तिच्या नांवाचा अर्थ, सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यांत दहा राग. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती ही एक बाजू. मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी ही दुसरी. प्रत्येक राग पांचएक मिनिटांचा. जाणत्या श्रोत्याला येथेंच ठेंच लागेल. मैफल ज्या रागानें संपावयाची ती भैरवी आरंभींच. पहांटेचा ललत आणि सायंकाळची भूपाळी पाठोपाठ. पावसाचा मेघ संपतो न संपतो तोंच यमन. वेळेचा आणि ऋतूचा सारा हिशेब या तबकडीनें गुंडाळून ठेविला आहे. आलाप म्हणावा तर तो चिमूटभर. तेवढा झाला कीं यंत्राचा ढोल सुरू होतो आणि शेवटपर्यंत क्षणभरही ढळत नाहीं.

असें असूनही ही केवळ चेष्टा आहे असें म्हणतां येत नाहीं, आणि तें कां म्हणतां येत नाहीं हें थोडें सविस्तर पाहण्यासारखें आहे. आपलें रागसंगीत एका षड्जावर उभें असतें. तंबोरा अखंड वाजतो आणि त्या एका आधारावर सारी हालचाल होते. पाश्चात्य पद्धतीच्या गाण्यांत खालचा स्वरसंघ दर थोड्या वेळानें बदलतो. रागांत तो बदलावयाचा नसतो. त्यामुळें डिस्कोच्या गाण्याखालीं जी सतत बदलणारी चौकट असते ती सिंग यांना काढून टाकावी लागली. राहिलें काय, तर एक न थांबणारा ठोका, एकाच जागीं घुटमळणारी खर्जाची ओळ आणि वर स्वरांचा खेळ. नेमकी हीच हाऊसची घडण आहे. शिकागोचे लोक तेथें नृत्याच्या गरजेनें पोहोंचले, आणि मुंबईचा हा वादक रागाच्या नियमानें पोहोंचला.

त्या रुपेरी डबींत एका ओळीस सोळा घरें असतात. सोळा म्हणतांच त्रितालाची आठवण होईल, परंतु हीं सोळा घरें म्हणजे सोळा मात्रा नव्हेत. चार मात्रांचे चार-चार भाग, असा तो हिशेब आहे. प्रत्येक घरांत एक स्वर भरावयाचा. कोणत्या स्वरावर जोर द्यावयाचा आणि कोणता स्वर पुढच्यावर घसरत न्यावयाचा हेंही ठरवून ठेवावयाचें. हें घसरणें म्हणजे यंत्राची मींडच. सिंग यांनीं तिचा उपयोग मनसोक्त केला आहे. बीनकाराची मींड आणि ही मींड एक नव्हे, हें उघड आहे. बीनकार घसरण्याला किती वेळ द्यावा हें त्या क्षणीं ठरवितो; डबीचा वेळ कारखान्यांतच ठरलेला असतो. शिवाय तिचे स्वर पेटीचे, म्हणजे समान अंतरावर कापलेले. तोडीचा कोमल गंधार जितका उतरलेला हवा तितका तो तेथें उतरत नाहीं.

हा आक्षेप महाराष्ट्राला नवा नाहीं. हार्मोनियमवर तो पूर्वींच घेतला गेला होता, आणि १९४० सालीं तर नभोवाणीनें हार्मोनियमला आपल्या केंद्रांतून हद्दपार केलें. तीस वर्षांहून अधिक काळ, १९७१ पर्यंत, ती बंदी चालली. त्या काळांत घराघरांतून, देवळांतून, नाटकाच्या थिएटरांतून पेटी वाजतच राहिली. शुद्धतेचा आग्रह चूक होता असें नाहीं; पण ज्या वाद्यावर गोविंदराव टेंब्यांसारख्यांचा हात फिरला, तें वाद्य अपुरें असलें तरी निरुपयोगी नव्हतें. सिंग यांच्या यंत्रांविषयींही एवढेंच म्हणतां येईल. त्यांनीं ललत गाइला नाहीं. ललताच्या स्वरांचा एक झगमगता नकाशा काढला.

तबकडी निघाली आणि पडली. रागवाल्यांना ती डिस्को वाटली, डिस्कोवाल्यांना ती राग वाटली. सिंग पुन्हां आपल्या लग्नसमारंभांकडे आणि इतर ध्वनिमुद्रणांकडे वळले.

यानंतर पांच वर्षांनीं, १९८७ सालीं, शिकागोच्या तीन तरुणांनीं 'फ्यूचर' या नांवानें एक तबकडी काढली. बाजारांत स्वस्त झालेली तीच रुपेरी डबी त्यांच्या हातीं आली होती. ती कशी वाजवावयाची याची माहितीपुस्तिकाही त्यांच्यापाशीं नव्हती. नुसत्या खुंट्या पिळतां पिळतां आवाज चिरकूं, वितळूं, उकळूं लागला, आणि तोच त्यांनीं धरून ठेविला. ही रचना क्लबांत पहिल्यानें लावली तेव्हां लोक नाचावयाचे थांबले, अशी कथा सांगतात. वाजविणारा हट्टी होता. त्यानें त्याच रात्रीं ती चार वेळां लावली, आणि चौथ्या वेळीं सभागृह वेडें झालें. या प्रकारास ॲसिड हाऊस नांव पडलें. इंग्लंडमध्यें दुसऱ्याच वर्षीं त्याची सांथ पसरली. कारखान्यानें टाकून दिलेल्या त्या डबीची किंमत मग अशी चढली कीं ती संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसली.

इतकें होईपर्यंत मुंबईच्या तबकडीची कोणास आठवण नव्हती. २००२ सालीं एडो बाउमन नांवाच्या एका डच संग्राहकाला दिल्लीच्या दुकानांत तिची एक प्रत सांपडली. ऐकल्यावर तो चकित झाला, कारण पांच वर्षांनंतरच्या शिकागोचा आवाज १९८२ च्या मुंबईंत त्याला ऐकूं येत होता. त्यानें मुंबईला येऊन सिंग यांची गांठ घेतली, आणि २०१० सालीं ती तबकडी 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या छापाखालीं व्हायनिलवर पुन्हां काढली. युरोपांत प्रथम कित्येकांचा विश्वासच बसेना. कोणी तरी आधुनिक खोडकर वादकानें जुनें पाकीट बनवून थट्टा केली असावी, अशी शंका उघडपणें बोलली गेली. मग स्वतः सिंग, वयाच्या सत्तरीनंतर, युरोपांतील व्यासपीठांवर आपलें यंत्र घेऊन उभे राहिले, आणि नातवंडांच्या वयाचीं मुलें त्यांच्यापुढें मालकंसावर नाचलीं.

ॲसिड हाऊसचा जनक मुंबईचा, अशी हांकाटी तेव्हां झाली आणि आजही होते. अभिमानाला हें गोड लागतें. पण तें खरें नव्हे. शिकागोच्या मुलांनीं मुंबईची तबकडी ऐकली होती याला पुरावा नाहीं, आणि ती तेथें पोहोंचण्याचा मार्गही दिसत नाहीं. ज्याच्यापासून कोणी कांहीं घेतलें नाहीं त्याला जनक म्हणणें चूक आहे. दोन शहरांत, दोन वेगळ्या गरजांतून, एकाच यंत्रानें सारखाच आवाज काढला. ही घटना जनकत्वापेक्षां अधिक नवलाची आहे, आणि सिंग यांचा मान तिच्यानें कमी होत नाहीं. प्रश्न आहे तो निराळाच. ज्या शहरांत ही तबकडी झाली तेथें अठ्ठावीस वर्षांत ती कोणास कां सांपडूं नये? मुंबईच्या चोरबाजारांत आणि फोर्टच्या पदपथांवर जुन्या तबकड्यांचे ढीग तेव्हांही होतेच. मुंबईंत १९९० पासून जुन्या हिंदी ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांची संस्थाही आहे, आणि त्या मंडळींनीं लाखेच्या तबकड्यांच्या बाबतींत फार मोठें काम केलें आहे. पण १९८२ ची डिस्को तबकडी ही जुनी नव्हे आणि नवीही नव्हे. अशा अधल्यामधल्या वयाच्या वस्तूला वाली नसतो. चरणजित सिंग जुलै २०१५ मध्यें वारले. पत्नी त्यांच्या आधीं थोडेच महिने गेली होती. नांव झाल्यानंतरचीं त्यांच्या वांट्यास आलेलीं वर्षें पांच.

असें एकट्या त्यांचेंच झालें असें नाहीं. रूपा विश्वास या बंगाली गायिकेनें कॅनडांत ध्वनिमुद्रित केलेली 'डिस्को जाझ' ही तबकडी १९८२ सालीं निघून अशीच विस्मृतींत गेली. तींत सरोद वाजविणारे आशिष खान होते. २०१९ सालीं अमेरिकेंतील एका संस्थेनें ती पुन्हां काढली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत तर १९६९ सालींच मूग सिंथेसायझर आला होता. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानें तो तेथें बसविला, आणि त्या वेळच्या कांहीं हिंदी संगीतकारांनीं त्यावर प्रयोग केले. गीता साराभाई यांचा त्यांत पुढाकार होता. त्या टेपा संस्थेच्या दप्तरांत जवळजवळ पन्नास वर्षें पडून राहिल्या, आणि २०२३ सालीं लंडनहून तबकडीच्या रूपानें बाहेर आल्या. तिन्ही वेळां वस्तु येथली आणि शोधणारा बाहेरचा.

कोंकणाला लागूनच असलेल्या गोव्यांत याच काळांत दुसरी एक गोष्ट घडत होती. हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे रात्र रात्र विद्युत्-संगीतावर नाचत, आणि त्यांतून गोवा ट्रान्स हा प्रकार जगभर गेला. तेथें मात्र तबकडी चालली नाहीं. उन्हानें व्हायनिल वांकतें, वाळूनें चरी भरते, आणि दमट वाऱ्यानें पाकिटाला बुरशी धरते. म्हणून तेथील वादक संगीत कॅसेटवर उतरवून आणीत. पुढें जपानी डिजिटल टेप आली, तेव्हां ते तिच्याकडे वळले. त्या चळवळींतील प्रसिद्ध वादक गोवा गिल २०२३ सालीं वारले.

तबकडी तयार करण्याची रीत आजही शंभर वर्षांपूर्वींच्या रीतीहून फारशी वेगळी नाहीं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मऊ लॅकरचा थर देतात. त्यावर हिऱ्यासारखी कठीण सुई आवाजानुसार चर कोरते. त्या पत्र्यावर विजेच्या साहाय्यानें निकेल चढवून उलटा ठसा घेतात. आणि गरम व्हायनिलची चकती दोन ठशांमध्यें दाबतात. सारा धंदा ज्या लॅकरच्या पत्र्यावर अवलंबून, तो करणारे कारखाने जगांत दोनच उरले होते. त्यांतला कॅलिफोर्नियांतला फेब्रुवारी २०२० मध्यें आगींत भस्म झाला आणि जपानांतला एकच राहिला. तीनशें प्रती काढणाऱ्या लहान संस्थांना त्यानंतर महिनेच्या महिने वाट पाहावी लागली, कारण रांगेंत त्यांच्यापुढें लाखों प्रती काढणारे गायक उभे होते. हिंदुस्थानांत कलकत्त्यास १९०८ पासून तबकड्या दाबल्या जात; तो उद्योग थांबल्यावर येथील कलावंताला परदेशांत छापून जहाजानें माल आणावा लागे, आणि वर जकात भरावी लागे. २०२४ सालीं मुंबईच्या परिसरांत तबकड्या दाबण्याचा कारखाना पुन्हां सुरू झाला आहे, ही त्यामुळें लहान बातमी नव्हे.

राहिला बुरोंडीच्या, किंवा कोणत्याही गांवाच्या, माळ्यावरचा गठ्ठा. ज्यांच्या घरीं तो असेल त्यांनीं तो रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं एकदां उजेडांत आणावा. तबकड्या आडव्या रचूं नयेत. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, आणि कौलांच्या अगदीं जवळ ठेवूं नयेत, कारण चैत्र-वैशाखांत तेथील उष्णतेनें व्हायनिल पापडासारखें लाटलें जातें. बुरशी आली असेल तर मऊ फडकें शुद्ध पाण्यांत भिजवून चरींच्या दिशेनें गोलाकार पुसावें; मधला कागद ओला होऊं देऊं नये. लाखेच्या तबकडीस स्पिरिट कदापि लावूं नये, कारण स्पिरिटमध्यें लाख विरघळते आणि गाणें फडक्यावर येतें. तसेंच व्हायनिलची तबकडी चावीच्या फोनोवर हौसेनें लावून पाहूं नये. त्या जुन्या फोनोचें पोलादी सुईचें जड मुंडकें शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकतें, आणि व्हायनिलला सोसणारा भार दोन-तीन ग्रॅमचा आहे. एकाच फेरींत चर नांगरली जाईल. आणि पाकिटावर कुत्र्याचें चित्र, खालीं १९८२-८३ चा सुमार, आणि दहा रागांचीं नांवें आढळलीं, तर ती तबकडी मुलांना खेळावयास न देतां वेगळी काढून ठेवावी. तिच्या मूळ प्रती फार थोड्या उरल्या आहेत.